व्हर्जिनिया वुल्फ यांची 'ऑर्लँडो' कशी वाचावी

कादंबरी अवघड वाटण्याची कारणे वेगवेगळी असतात. कधी भाषा आडवी येते, कधी पानांची संख्या, कधी पात्रांची गर्दी. १९२८ साली प्रसिद्ध झालेली 'ऑर्लँडो' यांपैकी कोणत्याच कारणाने फारशी अवघड नाही. सहा प्रकरणांची, साधारण तीनशे पानांची, जागोजागी हसवणारी अशी ही कादंबरी आहे. तरीही ती अर्ध्यावर सुटते, आणि माझ्या मते बहुधा एकाच कारणाने सुटते: वाचक भलत्याच प्रश्नाचे उत्तर शोधत ती वाचतो. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला सोळा वर्षांचा उमरावपुत्र ऑर्लँडो १९२८ सालापर्यंत जगतो, तोवर त्याचे वय जेमतेम छत्तीस होते, आणि मध्येच, तिसाव्या वर्षी, एका दीर्घ झोपेतून तो स्त्री होऊन उठतो. हे घडले कसे, असे विचारत बसलेल्या वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. ऑर्लँडो आतून तेच माणूस राहिले, तर मग भोवतालच्या लोकांना, कायद्याला, कपड्यांना आणि भाषेला एवढा फरक का पडला, असे विचारत वाचले तर मात्र पानोपानी काहीतरी सापडते. पुढील सूचना या दुसऱ्या प्रश्नाच्या अंगाने केल्या आहेत.

आधी आवृत्ती तपासून घ्यावी

वुल्फ यांचे निधन १९४१ साली झाले आणि भारतीय कायद्यानुसार त्यानंतरची साठ वर्षेही केव्हाच उलटली, त्यामुळे ही कादंबरी इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते. मात्र नुसती मजकुराची प्रत घेण्यापूर्वी तिच्यात तीन गोष्टी आहेत का, हे पाहावे: सुरुवातीचा ऋणनिर्देश, मधली छायाचित्रे आणि शेवटची नामसूची. पुस्तकाचे उपशीर्षकच 'एक चरित्र' असे आहे आणि हा सारा थाट चरित्रग्रंथाची नक्कल म्हणून मांडलेला आहे. ऋणनिर्देशात वुल्फ आधी केव्हाच वारलेल्या थोर लेखकांचे आभार मानतात आणि अखेरीस अमेरिकेतल्या एका गृहस्थांचे, ज्यांनी त्यांच्या आधीच्या पुस्तकांतील विरामचिन्हांपासून भूगोलापर्यंतच्या चुका विनामोबदला दुरुस्त करून पाठवल्या, पण ज्यांचे नाव आणि पत्ता दुर्दैवाने हरवला आहे. इथे हसू आले तर पुस्तकाचा सूर कानाला लागला असे समजावे. वुल्फ यांचे वडील लेस्ली स्टीफन हे 'डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी' या प्रचंड चरित्रकोशाचे पहिले संपादक होते. कर्तृत्ववान पुरुषांची जन्म, शिक्षण, पदे आणि मृत्यू या क्रमाने लिहिलेली चरित्रे ज्या घरात तयार होत, त्याच घरातल्या मुलीने हे विडंबन केले आहे, हे लक्षात ठेवावे.

ज्यांना इंग्लंडच्या इतिहासाचा सराव नाही त्यांनी पेंग्विन किंवा ऑक्सफर्डची टिपांसह असलेली आवृत्ती घ्यावी. फक्त पहिल्या वाचनात टिपा पाहू नयेत. प्रत्येक नावाला मागे जाऊन टीप वाचू लागले की वाक्याची लय मोडते, आणि या कादंबरीत लय मोडली की विनोदही मोडतो.

व्हिटा आणि नोल यांची माहिती करून घ्यावी

एरवी लेखकाच्या आयुष्याची माहिती कादंबरी वाचून झाल्यावर मिळवलेली बरी. या पुस्तकाचा अपवाद करावा, कारण त्याची अर्पणपत्रिका लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांच्या नावे आहे, छायाचित्रांतली ऑर्लँडो म्हणूनही त्याच दिसतात, आणि वुल्फ यांचे त्यांच्यावर प्रेम होते. व्हिटा १८९२ साली केंटमधील सेव्हनओक्सजवळच्या नोल या अवाढव्य वाड्यात जन्मल्या. वर्षाच्या दिवसांइतक्या खोल्या आणि आठवड्यांइतके जिने अशी या वाड्याची ख्याती आहे, आणि कादंबरीतल्या वाड्यालाही ३६५ शयनगृहे आणि ५२ जिने आहेत. व्हिटा आई-वडिलांचे एकुलते एक अपत्य होत्या, परंतु वारसा पुरुषांकडेच जाण्याच्या नियमामुळे जानेवारी १९२८ मध्ये वडील वारल्यावर नोल त्यांना न मिळता काकांकडे गेले.

कादंबरी लिहिली जात असतानाच हे घडत होते. म्हणूनच चौथ्या प्रकरणात स्त्री झालेली ऑर्लँडो इंग्लंडला परतते तेव्हा तिच्यावर गुदरलेले दावे सावकाश वाचावेत. पहिला दावा असा की ती मृत आहे, म्हणून तिला कोणतीही मालमत्ता धारण करता येत नाही. दुसरा असा की ती स्त्री आहे, आणि त्याला जोडून वुल्फ म्हणतात की याचाही अर्थ जवळपास तोच होतो. तिसऱ्या दाव्यात रोझिना पेपिटा नावाची नर्तकी येते, आणि व्हिटा यांच्या स्पॅनिश आजीचे नावही पेपिटाच होते. सातबाऱ्यावर बहिणीचे नाव लावताना किंवा तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेताना घरात काय बोलले जाते, हे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना या दाव्यांवर वेगळी टीप लागणार नाही.

शतकांचा एक कागद जवळ ठेवावा

काळ कुठे सरकला हे चरित्रकार क्वचितच सरळ सांगतो, त्यामुळे पुस्तकात एक चिठ्ठी घालून ठेवावी. पहिले प्रकरण एलिझाबेथ राणीपासून सुरू होऊन १६०८ च्या सुमाराच्या महागोठणाशी, म्हणजे थेम्स नदी गोठून तिच्यावर जत्रा भरली त्या हिवाळ्याशी संपते. दुसऱ्यात प्रेमभंग, वाचनाचे वेड आणि वाड्याची सजावट. तिसऱ्यात दुसऱ्या चार्ल्सचा राजदूत म्हणून कॉन्स्टँटिनोपलला मुक्काम आणि तिथले रूपांतर. चौथे प्रकरण अठरावे शतक, पाचवे व्हिक्टोरिया राणीचे एकोणिसावे, आणि सहावे विसावे शतक. कादंबरीतला शेवटचा दिवस ११ ऑक्टोबर १९२८ हा आहे आणि पुस्तकही वुल्फ पतिपत्नींच्या होगार्थ प्रेसने त्याच दिवशी प्रकाशित केले. एवढ्या नोंदी पुरेत. माणूस तीनशे वर्षे कसा जगला, हा हिशेब मांडू नये. आपल्याकडच्या अश्वत्थाम्याचे वय कोणी मोजत बसत नाही.

चरित्रकारावर नजर ठेवावी

कथा सांगणारा चरित्रकार हेही एक पात्रच आहे, आणि माझ्या मते ऑर्लँडोखालोखाल महत्त्वाचे. तो सतत पुराव्यांची भाषा बोलतो, कागद जळाले म्हणून हळहळतो, आणि नेमकी महत्त्वाची गोष्ट आली की अंग चोरतो. कादंबरीचे पहिलेच वाक्य 'तो' या शब्दाने सुरू होते आणि लगेच खुलासा करते की त्याच्या पुरुष असण्याबद्दल शंकाच नव्हती, जरी त्या काळच्या पोशाखामुळे ते काहीसे झाकले जात होते. शंका नव्हती, तर सांगितले कशाला? वाचकाने पेन्सिल घेऊन अशा प्रत्येक जागी खूण करावी जिथे चरित्रकार न विचारताच खात्री देतो. पुढे बर्फावर घसरत येणारी एक आकृती दिसते तेव्हा ऑर्लँडोला ती मुलगा की मुलगी हे उमगत नाही. एवढ्या वेगाने जाणारी व्यक्ती मुलगाच असणार, असे वाटून तो निराश होतो, आणि ती निघते साशा नावाची रशियन राजकन्या. एक रोमानियन आर्चडचेस पिच्छा पुरवते आणि प्रकरण-दोन प्रकरणांनी आर्चड्यूक म्हणून समोर उभी राहते. ही पेरणी पहिल्या वाचनात गंमत म्हणून निसटून जाते. खुणा केल्या असतील तर तिसऱ्या प्रकरणाशी येताना आपण तयार असतो.

तिसऱ्या प्रकरणाला दोन बैठका द्याव्यात

या प्रकरणाच्या मध्यावर ऑर्लँडो सात दिवस झोपतो. पावित्र्य, शील आणि विनय या तीन बहिणी येऊन जे घडले ते झाकू पाहतात, तुताऱ्या सत्याचा पुकारा करतात, आणि ऑर्लँडो उठून उभा राहतो तो स्त्री म्हणून. यानंतरचा एक परिच्छेद सबंध पुस्तकाचा कणा आहे, आणि तो घाईत वाचला तर पुढची तीन प्रकरणे नुसती मौज वाटतात.

आरशापुढे उभी राहिलेली ऑर्लँडो स्वतःला आपादमस्तक न्याहाळते, जराही गडबडत नाही, आणि स्नानाला जाते. इंग्रजीत इथे अजूनही 'त्याच्या' स्नानाला असेच म्हटले आहे. पुढे चरित्रकार मान्य करतो की ऑर्लँडो आता स्त्री आहे, पण इतर सर्व बाबतींत 'तो' होता तसाच राहिला. त्यानंतर, लिंगबदलाने भविष्य बदलले तरी ओळख बदलली नाही हे सांगताना, सर्वनाम अचानक अनेकवचनी होते: 'त्यांचे' भविष्य, 'त्यांची' ओळख, 'त्यांचे' चेहरे. मग 'त्याची स्मृती' असे म्हणून वाक्य थबकते, आणि चरित्रकार सांगतो की यापुढे रूढीखातर 'त्याची' ऐवजी 'तिची' म्हणायला हवे. 'रूढीखातर' या शब्दाखाली रेघ ओढावी. सर्वनाम बदलते ते ऑर्लँडोच्या आत काही बदलले म्हणून नव्हे, तर लिहिण्याचा रिवाज तसा आहे म्हणून. एवढे झाल्यावर चरित्रकार असले विषय इतरांच्या लेखणीवर सोपवून काढता पाय घेतो.

इथे पुस्तक मिटावे आणि दुसऱ्या दिवशी पुढे जावे. दुसऱ्या बैठकीत ऑर्लँडो जिप्सींच्या तांड्यात राहते, तेव्हा तिच्या अंगावर स्त्री-पुरुष दोघेही घालतात असा तुर्की अंगरखा आणि विजार असते, आणि आपण बाई आहोत याचा विचार करण्याची वेळच तिच्यावर येत नाही.

जहाजावरचे प्रसंग मोठ्याने वाचावेत

वेळ येते ती इंग्रजी बाईचा पोशाख विकत घेऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजावर चढल्यावर. घागऱ्याचे घोळ पायांत येतात, कप्तान अदबीने डेकवर तिच्यासाठी छत ताणून देऊ का म्हणून विचारतो, आणि तेव्हा कुठे तिला दचकून जाणीव होते. पुढे तोच कप्तान जेवताना खाऱ्या मांसाचा तुकडा कापत, नखाएवढी चरबी वाढू का, असे विचारतो आणि तिच्या अंगावर शहारा येतो. एका क्षणी तिची पोटरी एक-दोन इंच उघडी पडते, डोलकाठीवरचा खलाशी इतका चमकतो की त्याचा पाय सुटून तो कसाबसा वाचतो. तरुण पुरुष असताना बायकांनी आज्ञाधारक, पवित्र, सुगंधित आणि नटलेले असावे असा आपणच आग्रह धरला होता, हे तिला आठवते, आणि आता केस विंचरायला किती वेळ, आरशापुढे किती वेळ, याचा हिशेब ती करू लागते. ही पाने मनात वाचण्यापेक्षा मोठ्याने वाचावीत. शक्य असेल तर दोघांनी मिळून वाचावीत, कारण नवरा-बायको किंवा भाऊ-बहीण यांना त्यांत हसू वेगवेगळ्या जागी येते.

याच प्रकरणात पुढे कपड्यांविषयीचा प्रसिद्ध परिच्छेद येतो. पुरुषाच्या चित्रात हात तलवारीसाठी मोकळा आहे, स्त्रीच्या चित्रात तोच हात खांद्यावरून घसरणारे रेशीम सावरण्यात गुंतला आहे. तेव्हा आपण कपडे घालत नसून कपडेच आपल्याला घालतात, असे चरित्रकार सुचवतो. मग लगेच पलटी खाऊन म्हणतो की कपडे हे आत दडलेल्या कशाचे तरी चिन्ह आहे, आणि प्रत्येक माणसात एका लिंगाकडून दुसऱ्याकडे हेलकावे चालूच असतात. या दोन मतांचा मेळ घालण्याच्या खटपटीत पडू नये. वुल्फ यांनीही तो घातलेला नाही. बालगंधर्वांच्या नेसण्या-मुरडण्याचे अनुकरण एके काळी घरंदाज स्त्रिया करीत असत, हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा पेच परका वाटण्याचे कारण नाही.

एक परिच्छेद मराठीत करून पाहावा

इंग्रजी पुस्तक वाचताना आपण मनातल्या मनात थोडेफार भाषांतर करतच असतो. या पुस्तकापुरते ते कागदावर करावे. सर्वनामांचा तो परिच्छेद घ्यावा आणि वही उघडावी.

पहिली अडचण 'त्यांची ओळख' इथे येते. इंग्रजीत अनेकवचन आले की एकाच देहात दोघे असल्याचा भास होतो. मराठीत 'त्यांची' म्हटले की आधी आदर ऐकू येतो. वाचकाला वाटेल, ऑर्लँडोसाहेबांना मान दिला. दुसरी अडचण क्रियापदाची. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसते, म्हणून वुल्फ यांना नुसते नाव वापरून पुष्कळ काळ कुंपणावर बसता येते. मराठीत 'ऑर्लँडो उठला' किंवा 'उठली' यांतून एक निवडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, आणि 'उठले' म्हटले तर पुन्हा आदर तरी वाटतो किंवा लहान मूल तरी.

तिसरी अडचण सर्वांत रंजक आहे. इंग्रजीत 'मी' बोलू लागले की लिंग पुसले जाते, त्यामुळे ऑर्लँडोच्या तोंडची वाक्ये बदलापूर्वी आणि बदलानंतर एकाच आवाजातली वाटतात. मराठीतला 'मी' झोपलो की झोपले, आलो की आले, हे सांगून मोकळा होतो. मात्र 'मी पत्र लिहिले', 'मी तलवार उचलली', 'मला भीती वाटली' या वाक्यांत बोलणाऱ्याचा पत्ता लागत नाही, कारण क्रियापद तिथे पत्राकडे, तलवारीकडे किंवा भीतीकडे पाहते. अर्ध्या तासाच्या या खटाटोपात आपली भाषा कुठे साक्ष मागते आणि कुठे डोळेझाक करते, हे जेवढे कळते तेवढे टीकाग्रंथांतून कळत नाही. प्रस्तुत लेख लिहिणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री, हे वाचकाला आतापर्यंत कळले आहे का, तेही मागे जाऊन पाहायला हरकत नाही.

अडखळण्याच्या जागा

दुसऱ्या प्रकरणात वाड्याच्या सामानसुमानाची लांबलचक यादी आहे. मला पहिल्या वेळी ती ओलांडता आली नाही आणि पुस्तक वर्षभर फडताळात पडून राहिले. ती चाळून पुढे जावे. पाचव्या प्रकरणात एकोणिसावे शतक ओल म्हणून घरात शिरते, भिंतींवर वेली चढतात, दाढ्या वाढतात, बाळंतपणांचा सपाटा लागतो, आणि ब्रिटिश साम्राज्य अशा रीतीने अस्तित्वात आले, असे चरित्रकार गंभीरपणे नोंदवतो. याच प्रकरणात ऑर्लँडो आणि तिचा होणारा नवरा शेल्मर्डाइन भेटतात आणि लवकरच एकमेकांना म्हणतात, तू बाई आहेस, तू पुरुष आहेस. सहाव्या प्रकरणात मोटार, दुकान, लिफ्ट आणि ऑर्लँडोची अनेक रूपे एकदम अंगावर येतात. ते शक्यतो एका बैठकीत वाचावे, समजले नाही तरी थांबू नये.

एक जागा मात्र वेगळ्या अर्थाने अडखळण्याची आहे, आणि तिथे अडखळलेच पाहिजे. पहिल्या वाक्यात ऑर्लँडो पोटमाळ्यावर टांगलेल्या एका मूर माणसाच्या मुंडक्यावर तलवार चालवण्याचा सराव करत असतो. त्याच्या बापाने किंवा आजोबाने आफ्रिकेत ते कापून आणलेले. तुर्कस्तान आणि जिप्सी यांच्या चित्रणातही परक्यांकडे पाहणारी इंग्रज नजर उघड आहे. वुल्फ साम्राज्याची टिंगल करतात हे खरे, पण ऑर्लँडोला हवे ते होण्याची जी मोकळीक मिळते ती त्याच वाड्याच्या आणि त्याच लुटीच्या बळावर, हे त्यांच्या विनोदामुळे विसरले जाऊ नये.

आजच्या शब्दांचा चष्मा जपून वापरावा

ट्रान्स व्यक्तींनी स्वतः लिहिलेल्या आत्मकथनांत जो झगडा, जी शस्त्रक्रियेची आणि कागदपत्रांची फरपट असते, ती या कादंबरीत नाही. ऑर्लँडोला बदल हवासा वाटला होता असेही कुठे म्हटलेले नाही. त्या अपेक्षेने आलेल्या वाचकाची निराशा होईल. दुसरीकडे, ही निव्वळ परीकथा म्हणून सोडून देणेही बरोबर नाही. १९२८ च्या नोव्हेंबरमध्येच लंडनच्या न्यायालयाने स्त्रियांच्या परस्परप्रेमावरची राडक्लिफ हॉल यांची गंभीर कादंबरी अश्लील ठरवून तिच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. त्या पुस्तकाच्या बाजूने साक्ष द्यायला वुल्फ स्वतः न्यायालयात हजर होत्या, पण लेखकांच्या साक्षी घेतल्याच गेल्या नाहीत. त्याच महिन्यात 'ऑर्लँडो' दुकानांत बिनघोर विकली जात होती. चरित्राचे सोंग, शतकांच्या उड्या आणि नको तिथे पाय काढून घेणारा तो चरित्रकार, हे सारे त्या काळात काय कामाला आले असेल, याचा विचार या तारखा शेजारी ठेवून करावा.

पुस्तक संपल्यावर सॅली पॉटर यांचा १९९२ चा चित्रपट जरूर पाहावा, आधी मात्र पाहू नये, कारण टिल्डा स्विंटन यांचा चेहरा एकदा डोळ्यांत बसला की पानांवरची ऑर्लँडो आपल्याला आपली आपण घडवता येत नाही. त्याआधी आणखी एक काम करावे: शेवटच्या पानावर मध्यरात्रीचे टोले पडून गेले की लगेच पहिले पान उघडून ते पहिले वाक्य, शंका नसल्याची ग्वाही देणारे, पुन्हा एकदा वाचावे.